खोकेकाका

कुणाकडे बारसं आहे, कुणाचा मुलगा जर्मनीला निघाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, या बातम्या खोकेकाकांपर्यंत चार दिवस उशिरा पोचतात. कुणी घर बदलतंय ही बातमी मात्र त्यांना टेम्पोवाल्याच्या आधी लागते. संध्याकाळी बेल वाजते. दारात काका. खिशाला एक लाल, एक काळं मार्कर पेन, पट्ट्याला अडकवलेला मेजरिंग टेप आणि काखेत घड्या घातलेली दोन खोकी.

"म्हटलं, लागतील."

चपला काढता काढता त्यांची नजर शोकेसवरून, कपाटावरून फिरते आणि माळ्यावर जाऊन थांबते.

"सामान किती आहे?"

"फार नाही हो काका. दोन तर खोल्या."

काका नुसते हसतात. आपलं सामान फार नाही ही प्रत्येक मराठी घराची श्रद्धा असते आणि श्रद्धेला काका धक्का लावत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा आहे. घरचे सांगतील त्याच्या दुप्पट धरायचं. माळा असेल तर तिप्पट. आणि घरात आजी असतील तर काका गुणाकारच करत नाहीत, चौदा फुटी गाडी खोडून सतरा फुटी लिहितात.

असा एक काका प्रत्येक गोतावळ्यात असतो. लग्नात वाढप्यांवर देखरेख करणारा वेगळा, दवाखान्यात रात्री थांबणारा वेगळा, आणि बिऱ्हाड हलवणारा वेगळा. आमच्या वाट्याला आलेले हे काका पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. जन्मभर नट, बोल्ट, बेअरिंगं सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पण त्यांच्यातला स्टोअरकीपर काढून घ्यायला कारखाना विसरला. आता तो लोकांच्या घरांत फिरतो.

पहिल्याच बैठकीत ते घराचं एबीसी करतात. स्टोअर्सचा हा जुना नियम: ए म्हणजे संख्येनं थोडं पण किमतीनं भारी, सी म्हणजे ढीगभर पण कवडीमोल, बी मधलं. कारखान्यात हे सोपं असतं, घरात नसतं. काकांनी टीव्ही 'ए'मध्ये टाकला की आजी म्हणतात, "तो मेला फुटला तर फुटला, माझी विळी कुठे घातलीत?" खोबरं खवणायची विळी, जिच्या पाटाचा एक पाय सुतळीनं बांधलेला आहे, ती आजींच्या मते 'ए'च्याही वर. मग काका वहीत एक नवा वर्ग उघडतात. 'आ'. आ म्हणजे आजी. या वर्गातल्या वस्तू हमालाच्या हाती द्यायच्या नाहीत, त्यांच्याबद्दल चर्चा करायची नाही आणि 'ही कशाला हवी' हे तीन शब्द उच्चारायचे नाहीत.

दोन वर्षांत ज्याला हात लागला नाही ते 'नॉन-मूव्हिंग'. यात व्यायामाची सायकल येते, फूट मसाजर येतो, शेजारणीचं बघून घेतलेला सँडविच टोस्टर येतो. सायकलला नॉन-मूव्हिंग म्हटल्यावर घरातले पुरुष दुखावतात. तिच्यावर टॉवेल वाळत असतात हे काकाही मान्य करतात, पण टॉवेल वाळवायला गिअर लागत नाहीत एवढंच त्यांचं म्हणणं.

काकांचा सुगीचा हंगाम सध्या चालू आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागांतल्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या तीन-तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्यात. सर्वसाधारण सभेत कलम 79 अ ची नियमावली, एफएसआय, कार्पेट एरिया असलं काही चालू असतं तेव्हा काका मागच्या रांगेत डोळे मिटून बसलेले असतात. ते त्या सोसायटीचे सभासदही नसतात, कुणाचे तरी पाहुणे म्हणून आलेले असतात. 'जागा रिकामी करून देण्याची तारीख' हे शब्द कानावर पडले की डोळे उघडतात. बिल्डर भाडं देणार, अनामत देणार, जाण्या-येण्याचा हलवाहलवीचा खर्च देणार. सगळी बिऱ्हाडं एकाच महिन्यात उठणार आणि सगळ्यांना त्याच गल्लीत, त्याच मंडईजवळ, मुलांच्या त्याच शाळेपासून चालत दहा मिनिटांवर भाड्याचं घर हवं असणार. त्यामुळे त्या गल्लीतली भाडी रातोरात वर जातात आणि एजंट लोक फोन उचलेनासे होतात. काकांना त्याचं काही नाही. त्यांना बारा माळे एकदम दिसत असतात.

कागदपत्रांत त्यांना रस कमी. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा भाडेकरारसुद्धा नोंदवावा लागतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, आधारवरचा पत्ता, बँक, सगळं बदलावं लागतं. याला ते 'ऑफिसचं काम' म्हणतात आणि जावयाकडे सोपवतात. अपवाद गॅसचा, कारण सिलिंडर ही वस्तू आहे. गावातल्या गावात एजन्सी बदलायची असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर आपल्याबरोबर चालतो, नुसते कागद हलवायचे. परगावी जायचं असेल तर दोन्ही जमा करून अनामत परत घ्यायची आणि तिकडे नव्यानं भरायची. हे ते इतक्यांदा सांगतात, की त्यांच्या ओळखीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे.

खोक्यांवर मात्र त्यांनी ग्रंथ लिहावा. बिस्किटांचं खोकं दिसायला मोठं पण खालून दगा देणारं. टीव्हीचं खोकं टीव्हीलाच बरं. पुस्तकांना औषधाच्या दुकानातलं सलाइनचं खोकं, कारण ते लहान आणि कणखर असतं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्या माणसाला ते 'तुम्ही कधी खोकं उचललंय का हो?' एवढंच विचारतात. देवगडच्या आंब्याची लाकडी पेटी भाताच्या कुकरला. आणि काचसामानाला जगात एकच खोकं: वाइन शॉपचं. आत पुठ्ठ्याचे बारा कप्पे, एकेका कप्प्यात एकेक ग्लास, खडखडाट नाही. आता काका स्वतः सुपारीच्याही वाटेला न जाणारे. पण सकाळी दुकान उघडताना ते तिथे हजर असतात आणि दुकानदार त्यांना 'या काका, आज क्वार्टरची देऊ की फुलची?' असं मोठ्यानं विचारतो. घरी आणल्यावर काका ती खोकी उलगडून आतली बाजू बाहेर करतात आणि पुन्हा चिकटवतात. नव्या जागेच्या जिन्यावरून एका सुशील कुटुंबाची सोळा व्हिस्कीची खोकी वर चढली, तर तिथल्या शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी काय समजावं? एकदा घाईत एक खोकं उलटायचं राहिलं होतं. त्या घरच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना नव्या सोसायटीत अजून कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, अशी बातमी आहे. काकूंच्या मते मात्र त्यामागे खोकं नसून बाईंचा स्वभाव आहे.

काकूंचं स्वतःच्या घराबद्दलचं मत थोडक्यात आहे. "आमच्याकडे सामान नाही. सामानाची खोकी आहेत." पलंगाखाली, कपाटावर, बाल्कनीत, सगळीकडे काकांनी घड्या घालून खोकी रचलेली आहेत, आकारानुसार. काकूंना कित्येक दिवस साधं मोदकपात्र सापडत नव्हतं. ते गौरी-गणपतीला, सलाइनच्या थप्पीमागे मिळालं.

बांधाबांधीचा खरा सोहळा स्वयंपाकघरात. तिथे काका जमिनीवर मांडी घालतात आणि समोर जुनी वर्तमानपत्रं पसरतात. बशा आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येतो. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या बशीला लागते म्हणून आधी कोरा कागद. कुकरच्या पोटात कपबशा, कपांच्या पोटात वाटीभर सुती चिंध्या. सोऱ्या, पुरणयंत्र, शेवेच्या जाळ्या एका डब्यात, आणि त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'दिवाळीपर्यंत उघडू नये.'

आणि मग निघतात पातेली.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव कोरतात. भांडं घेताना दुकानदार ते कुर्रकुर्र यंत्र फिरवून नाव घालून देतो, तारीख घालतो, 'सप्रेम भेट' घालतो. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा इतिहास लिहायचा तर कागदपत्रांपेक्षा ओट्याखाली बघावं. काका एकेक भांडं उजेडात धरून नाव वाचतात आणि वहीत नोंद करतात. हे आत्याबाईंचं, लग्नातलं. हे मुंजीतलं. आणि हे? हे तर समोरच्या बिऱ्हाडाचं! आतून वहिनी ओरडतात, "अय्या, हे खरवसाचं असणार. द्यायचं राहूनच गेलं." खरवस देऊन सात वर्षं झालेली असतात. काकांची एक स्वतंत्र यादी आहे, 'परतावा' नावाची. प्रत्येक स्थलांतरात त्यांनी घरोघरची चुकलेली पातेली, डबे, एक तर चक्क चांदीची वाटी, मूळ मालकांकडे पोचवलेली आहेत. पोचवताना ते फक्त "सापडलं" एवढंच म्हणतात, कुठे सापडलं ते सांगत नाहीत. यामुळे वाचलेली नाती मोजायला गेलं तर ती एखाद्या मध्यस्थानं जुळवून दिलेल्या लग्नांपेक्षा जास्त भरतील.

नाव न घातलेल्या भेटवस्तूंची गत निराळी. लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, कॅसरोल आणि पोहऱ्याएवढा फ्लॉवरपॉट या वस्तू पुण्यात कुणाच्याच मालकीच्या नाहीत. त्या चलनात आहेत. एका घरच्या माळ्यावर काकांना एक लेमन सेट सापडला, मूळ पॅकिंगमध्ये. खोक्याच्या खालच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात, लाल मार्करनं, छोटासा अंक होता. हा सेट काकांनीच पूर्वी एका लग्नात दिला होता, आणि त्या लग्नाचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. तो मधल्या काळात किती मांडवांतून फिरला कुणास ठाऊक. काकांनी अंकाखाली दुसरा अंक घातला आणि खोकं बंद केलं. माल फिरता राहिला पाहिजे, हे त्यांचं तत्त्वच आहे.

माळ्यावर ते स्वतः चढतात. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, त्याचं कारण विंचवाला माळा नसतो," हे वाक्य शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ठरलेलं. वरून एकेक वस्तू खाली येते: तांब्याचा बंब, ज्यात आता कुणी पाणी तापवणार नाही पण जो विकणारही नाही, मुलाची बाबागाडी, मुलगा आता चाळिशीचा, फुटबॉलची पिन, फुटबॉल नाही, आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकांचे गठ्ठे हा काकांचा एकमेव राग. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांनी वाचकांचा विचार केला, लेखकांचा केला, हमालांचा केला नाही, असं ते म्हणतात. गृहस्थ "त्यात एक कथा आहे हो" म्हणून गठ्ठा छातीशी धरून बसतात. कथा कुठल्या अंकात, ते आठवत नसतं. शेवटी अर्धे अंक जातात, अर्धे राहतात, आणि ती कथा जाणाऱ्यांत असते हे नंतर कळतं.

जुनं सामान टाकायच्या बाबतीत काका कठोर नाहीत, मार्गदर्शक आहेत. रद्दी वेगळी, भंगार वेगळं, बुधवार-रविवारी जुन्या बाजारात खपेल ते वेगळं, कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेला फोन करून द्यायचं ते वेगळं. पण प्रत्येक घरात ते एकेक खोकं प्रत्येक माणसाच्या हातात देतात, कोरं. त्यावर क्रमांक नाही, यादी नाही. "यात तुमचं तुम्ही भरा. टेप तुम्हीच लावा." आणि खोलीबाहेर जातात. त्या खोक्यांत काय असतं हे त्यांना ठाऊक असणारच. सगळी कपाटं त्यांनीच तर उघडलेली असतात. बुडालेल्या कंपनीचे शेअर, न सांगता घेतलेल्या पैठणीची पावती, कुणा मुलीनं पाडगावकरांच्या संग्रहात ठेवलेलं पान. माझ्या मते बिऱ्हाड बांधणाऱ्या माणसाची परीक्षा गाठी मारण्यात नसून इथे होते, आणि काका त्यात पैकीच्या पैकी घेतात. त्यांच्या तोंडून कुणाच्या घरातली गोष्ट कुणी कधी ऐकलेली नाही. खोक्याच्या दर्जाबद्दल मात्र ऐकावं तेवढं थोडं.

हे वेड कुठून आलं याचा खुलासा ते करत नाहीत. काकूंनी एकदा सांगितलं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा काका आठ वर्षांचे, नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचे. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यांच्या आईनं दोन पोरांना ओढलं, देवांचा डबा घेतला आणि दुसऱ्या हातात जे आलं ते घेऊन धावली. लकडी पुलाकडे नव्हे, उंचावर, लांब. तिथे पोचून बघते तो हातात कोळशाची इस्त्री. दागिन्यांचा डबा राहिला, गहू राहिले, लग्नातलं लुगडं राहिलं आणि इस्त्री आली. पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या घरात ती इस्त्री वर्षानुवर्षं दाराला टेकण म्हणून होती. आई हसून सांगायची, म्हणे. काका त्या वेळी उठून आत जायचे.

काकांची खरी चकमक होते पॅकर्स अँड मूव्हर्सच्या सुपरवायझरशी. हा पंचविशीतला मुलगा टॅब घेऊन येतो, खोल्यांतून एक फेरी मारतो आणि "टू बीएचके, नॉर्मल सामान" असं म्हणतो. नॉर्मल हा शब्द काकांना झोंबतो.

"पाच प्लायची खोकी आणणार की तीनची?"

"तीन, सर."

"पुस्तकांना?"

"...पाच, सर."

"मजल्याचे पैसे धरलेत का? लिफ्ट नाहीये इथे. आणि विमा कशाकशाचा? कोटेशनमध्ये लिहिलंय का?"

अर्ध्या तासानं तो मुलगा 'सर'वरून 'काका'वर येतो, आणि जाताना त्यांचा नंबर घेऊन जातो.

कपाटाचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. एका घरातलं साडेसहा फुटी लोखंडी कपाट 1988 साली दोरखंड लावून बाल्कनीतून वर आलं. 1996 साली बाल्कनी ग्रिल लावून बंद केली आणि तिची खोली झाली. जिना वळणावर अरुंद. काका टेप लावतात, कपाट मोजतात, दार मोजतात, पुन्हा कपाट मोजतात. "म्हणजे याला इथंच जन्मठेप होती." घरमालक घाबरतात. मग काकांना आठवतं की इमारत पाडायचीच आहे, आणि ते आनंदानं ग्रिलवर हात मारतात. "कापा!"

मुहूर्ताचाही उपाय त्यांच्याकडे असतो. बिल्डरची तारीख हमखास पितृपक्षात येते. सासूबाई म्हणतात, पितृपक्षात पाऊल टाकायचं नाही. बिल्डर म्हणतो, तीस तारखेनंतर वीज तोडणार. काका जुन्या जाणत्यांचा मार्ग काढतात: प्रस्थान ठेवायचं. गणपती आहेत तोवर चांगल्या दिवशी देव, सुपारी, किलोभर तांदूळ आणि मीठ नव्या जागेत नेऊन ठेवायचं. झालं, आपण निघालो. बाकीचं सामान मागून आलं तर ते सामानाचं बघून घेईल. सासूबाईंचं समाधान होतं, बिल्डरचंही होतं, आणि देव बिचारे पंधरा दिवस रिकाम्या घरात एकटे बसतात. रोज सकाळी काका जाऊन त्यांना फूल वाहतात आणि येताना खोल्यांची मापं घेऊन येतात.

हलवायच्या दिवशी ते पहाटेच हजर. रात्रीच रिकामा करून बंद ठेवलेला फ्रिज उभाच न्यायचा, आडवा नाही. फ्रंट लोडिंग वॉशिंग मशिनचे ट्रान्झिट बोल्ट कुठे आहेत, हे विचारायचं. ते कुणीच ठेवलेले नसतात. काकांच्या बरणीत तीन कंपन्यांचे असतात. खोक्यावर स्वै, बै, शे, दे अशी अक्षरं आणि आकडे, आणि तीच अक्षरं नव्या घरात त्या त्या खोलीच्या दाराला आदल्या दिवशीच चिकटवलेली. हमालांना ते नावानं हाक मारतात, अहोजाहो करतात, आणि दुपारी त्यांच्याबरोबर झुणका-भाकरी खायला बसतात. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली तेव्हापासून ते तिथले गिऱ्हाईक. यजमानांनी हमालांना नुसते वडापाव आणले तर काकांचा चेहरा पडतो.

एक खोकं ते कुणालाच उचलू देत नाहीत. 'पहिली रात्र.' त्यात चहा, साखर, गाळणं, सांडशी, लायटर, एक पातेलं, बीपीच्या गोळ्या, चार्जर, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, डासांची कॉइल, आणि टॉयलेटमध्ये लागणारा मग. हे खोकं मांडीवर घेऊन ते छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसतात. नव्या घरात दूध उतू घालवण्याचा मान सुनेचा, पण ते पातेलं काकांच्या मांडीवरून आलेलं असतं. आणि मग रात्री घरभर त्यांचा आवाज: "फ्रिज लावू नका! कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू दे!" नातवाला आइस्क्रीम हवं असतं, दूध नासायला आलेलं असतं, पण तेल खाली बसल्याशिवाय त्या घरात बटण दाबायची कुणाची टाप नसते.

महिन्याभरानं काका पुन्हा येतात. स्टॉक तपासायला. सगळी खोकी उघडलेली, घड्या घालून त्यांच्यासाठी ठेवलेली. एक मात्र कोपऱ्यात तसंच, टेपसकट. 'किरकोळ.' त्यात काय आहे हे घरातल्या कुणालाच आठवत नसतं आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नसतं. वहिनी ओशाळून म्हणतात, "उघडू हो काका, येत्या रविवारी."

"कशाला?" काका म्हणतात. "पुढच्या खेपेला एक खोकं तयार."

घड्या काखेत मारून ते निघतात. जिन्यात समोरच्या फ्लॅटचे भाडेकरू दळण घेऊन वर येत असतात. काका बाजूला सरकून त्यांना वाट देतात, पिठाचा डबा न्याहाळतात, उघड्या दारातून आतला माळा किती भरलाय याचा अंदाज घेतात.

"नवीन का? वा वा. करार अकरा महिन्यांचाच ना? कुठल्या महिन्यात संपतो?"